बाहीतनं येणारा हात

निमोणे, १२ जानेवारी, रविवार

आधी आली ती शिरीन. आमची धनश्री स्टँडवर चिक्की घेत मागं ऱ्हायली व्हती, म्हणून उंबऱ्याच्या आत पहिला पाय पडला तो त्या परक्या पोरीचा. मी ओसरीवर संक्रांतीचं तीळ निवडत बसलेली. निवडत कसली, दोन बोटांत तीळ सापडतच न्हाई आता. पोरगी "सलाम आजी" म्हणली आन् माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी तिनं हात बघितलं. मी हात पदराखाली घेतलं. सहा वर्षं झाली, माणूस आलं की माझं हात आपोआप पदराखाली जात्यात.

ती तिथंच उन्हात फतकल मारून बसली. "आजी, सकाळी उठल्यावर मूठ वळती का? बोटं किती येळ आखडलेली असत्यात?"

मी म्हणलं, "गोठा झाडून, चहा पिऊन, शेजारणीची दोन गाऱ्हाणी ऐकून होईतोवर."

तेवढ्यात धनश्री आली. "शिरीन, आल्या आल्या पेशंट धरलास व्हय गं? माझ्या आज्जीला आधी मला बघू तरी दे!" असं म्हणून माझ्या गळ्यातच पडली. काय सांगू, अंगणात उजेड पडल्यागत झालं. माझ्या सोपानची लेक ही, थोरली. पुण्यात शिकती, दुखऱ्या हाताला परत कामाला कसं लावायचं त्याचं शिक्षण हाय म्हणं. मी म्हणलं, माझ्या शेळीला पण शिकव, दूध देताना लई लाथा मारती. शिरीन तिच्याच खोलीत ऱ्हाती. दोघी एका ताटात जेवत्यात, एकमेकींची ओढणी घालत्यात.

मग ती शिरीन सहज म्हणली, "वरवंडला आमच्या शेजारी एक नकुशी आजी हायत. त्यांचं हात अस्सेच."

नकुशी, चव्वेचाळीस वर्षांत या घरात तुझं नाव कुणी घेतलं न्हाई. धाकटी जाऊ व्हती, असं सुद्धा कुणी म्हणलं न्हाई. ताट माझ्या हातनं सुटलं, तीळ सगळ्या ओसरीभर, कोंबड्यांचा सण झाला. धनश्रीला वाटलं बोटांनी दगा दिला. मी पण व्हय म्हणलं.

मग मी त्या पोरीकडनं सगळं काढून घेतलं. तिची आजी सरदारबी, वरवंडात बांगड्या भरती, ती तुझी भिंतीला भिंत शेजारीण. तू भावाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत ऱ्हातीस. तुझं ताट-तांब्या निराळा. कप धरता येत न्हाई म्हणून वाटी दोन्ही तळव्यांत धरून चहा पितीस. शिरीननं तुझ्या हाताचा फोटो तिच्या डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणलं, आता दाखवलं तर अंगठा वाचंल, उशीर केला तर तोही जाईल आन् मग घास सुद्धा दुसऱ्यानं भरवायचा. आन् तू दवाखान्यात जायला तयार न्हाईस. तू म्हणतीस, "माझा आजार मला म्हाईत हाय. माझ्या सासरच्यांनी देवापुढं ठरवलाय."

ते ऐकून मी आत गेले आन् उगाच डबं हलवत ऱ्हायले.

आपलं काय ते नंतर लिवीन. आज एवढंच सांगते. सहा वर्षांपूर्वी माझं पहिलं बोट सुजलं, मग दुसरं, मग सगळी बोटं करंगळीकडं कलली. मेंढरं वाऱ्याला पाठ करून उभी ऱ्हात्यात ना, सगळी एका अंगाला, तशी. तवापास्नं रोज सकाळी भाकरी थापायला बसले की चोळीच्या बाहीतनं तुझा हात बाहेर येतो. माझा न्हाई. तुझा, वीस वर्षांची व्हतीस तवाचा. पिठात जातो, परातीच्या काठाला धरतो. मी बांगड्या बघून खात्री करते की ह्या माझ्याच हायत.

हे पत्र शिरीन तुला आणून देईल. अक्षर वेडंवाकडं हाय, पण ते तूच शिकवलेलं, मग तुला वाचता येईल. संक्रांत हाय, तिळगूळ पाठवायचा म्हणलं, पण पाठवला न्हाई. माझ्या हातचं तू खाशील असं वाटलं न्हाई.

तुझी थोरली जाऊ, अनसाबाई


निमोणे, ३० जानेवारी, गुरुवार

शिरीन म्हणली, तू पत्र घेतलंस आन् गादीखाली सरकवलंस. वाचलंस का ते तिला म्हाईत न्हाई. मी आपलं लिवते.

पुण्याला जाऊन आले! धनश्रीनं ओढून नेलं. सोपान गाडी घेऊन, मी पुढच्या सीटला पट्टा बांधून, खंडोबाच्या पालखीत बसल्यागत. दवाखान्यात एवढी गर्दी, पण माझी नात पांढरा कोट घालून पुढं चाललेली, वाटेत दोन माणसांनी तिला "मॅडम" म्हणलं. मॅडम! हिची शी-शू मी काढली, आन् लोक मॅडम म्हणत्यात. मी त्या दोघांना थांबवून सांगितलं, माझी नात हाय. धनश्री लाजून लाल झाली.

डॉक्टर बाई तरण्या, पण हात लई हळू धरत्यात. त्यांनी आधी इचारलं, "आजी, काय होतंय असं तुम्हाला वाटतंय?" आता आजवर कुठल्या डॉक्टरनं मला हे इचारलं न्हाई. मी इकडं तिकडं बघितलं, सोपानला चहा आणायला पिटाळलं, आन् म्हणलं, "बाई, मला मोठा आजार झालाय का? बोटं झडायचा?"

त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, "डोळे मिटा. मी एका बारीक दोऱ्यानं बोटाला टोचणार. लागलं की 'हाय' म्हणायचं."

मी डोळं मिटलं. आन् नकुशी, मी एकदाबी हाय म्हणलं न्हाई. सगळं लागत व्हतं. मुंगीच्या पायाएवढं टोचणं, ते सुद्धा लागत व्हतं. पण जीभ दातांत धरली गेली. ती माझी जीभ नव्हती. पापण्यांच्या आत मला आपल्या मेंढरांच्या वाड्याची जागा दिसत व्हती, शेणानं सारवलेली, आन् मधे कोण बसलंय ते दिसत व्हतं.

बाई म्हणल्या, "अजिबातच कळत नाहीये?" त्यांचा आवाज बदलला. तवा धनश्री वरडली, "आज्जी, बोल की! तुझे पाय बघ, बोटं कशी आवळलीयेत, लागतंय तिला मॅडम!"

माझ्या नातीनं माझं पाय बघितलं. मला तिथंच रडू फुटलं. बाईंना वाटलं मी घाबरले. परत पहिल्यापास्नं टोचलं, आन् मी प्रत्येक खेपेला हाय म्हणलं, बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल इतकं.

मग रगत घेतलं, हाताचं फोटो काढलं. बाई म्हणल्या, तो आजार न्हाई. संधिवात हाय, बोटाच्या सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येती. सूज वर्षानुवर्षं ऱ्हायली की सांध्याला सरळ धरणाऱ्या शिरा जागा सोडत्यात. मी म्हणलं, म्हंजी तंबूच्या पालासारखं. पालाची एका अंगाची दोरी सैल पडली की दुसऱ्या अंगाची ओढती आन् मधली काठी कलती. बाई म्हणल्या, "आजी, हे मी उद्या विद्यार्थ्यांना सांगणार." घे!

माझ्या दोन बोटांची मधली पेरं मागं झुकल्यात आन् टोकं खाली. ह्याला हंसाची मान म्हणत्यात. मी हंस कुठं बघितलाय, मला घोड नदीच्या पाण्यातला बगळा दिसला. आन् एका बोटाचं मधलं पेर वाकून वर आलंय, काजातनं बटण बाहेर यावं तसं, तर त्याचं नाव पण तसलंच हाय. प्रत्येक वाकड्या बोटाला त्यांच्याकडं नाव हाय, नकुशी. तुझ्या बोटांना आपण एकच नाव दिलं व्हतं.

आठवड्यातनं एकदा घ्यायची गोळी दिली. ती रोज घ्यायची न्हाई, चुकून घेतली तर बाधती, म्हणून धनश्रीनं कॅलेंडरवर सोमवार सोमवार लाल केलेत. मधनं मधनं रगत तपासायचं. जे वाकलं ते समदं सरळ व्हईल असं न्हाई, पण पुढं वाकायचं थांबंल. तांब्या बोटांनी उचलायचा न्हाई, दोन्ही तळव्यांनी. उलथन्याला, विळ्याला चिंध्या गुंडाळून मूठ जाड करायची. पिळायचं काम सोपानच्या बायकोनं करायचं, हे तर मला पहिल्यापास्नं पटलंय.

निघताना बाई एक बोलल्या. "आजी, तुम्ही विचारलेला आजार असता तरी गोळ्यांनी बरा होतो. माणसाला घराबाहेर काढायचं कारण तेव्हाही नव्हतं, आताही नाही." मी त्यांना काय सांगितलं नव्हतं. तरी बोलल्या.

शिरीन सांगती, तुझी बोटं माझ्यासारखीच हायत, फक्त चाळीस वर्षं पुढं गेलेली. तू जा गं. तुला ते न्हाई.

अनसाबाई


निमोणे, १६ फेब्रुवारी, रविवार

शिरीननं आज घडी केलेला कागद दिला. आत एकच ओळ. पेनाला चिंधी गुंडाळून लिवतीस म्हणं. अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं हाय.

"त्या दिवशी तू मला गप्प ऱ्हा का म्हणली व्हतीस?"

मी कागद चोळीत ठेवला आन् दिवसभर कामं काढली. कांद्याला पाणी सुटलंय. उसात बिबट्या फिरतोय, काल सोनवण्यांचं कुत्रं नेलं, म्हणून बाया आता घोळक्यानं रानात जात्यात आन् मोबाईलवर गाणी लावत्यात. बिबट्याला गाणी आवडत न्हाईत असं कुणीतरी सांगितलंय. धनश्री आलीया, तिनं माझ्यासाठी पट्ट्या केल्या. गरम पाण्यात एक पांढरा तुकडा टाकला की तो लोण्यासारखा मऊ पडतो, मग बोटावर बसवायचा, गार झाला की कडक. दोन बोटांत आठाच्या आकड्यासारखी कडी घातलीया, त्यानं मधलं पेर मागं जात न्हाई. शेजारची म्हणली, "अनसाबाई, म्हातारपणी अंगठ्या?" मी म्हणलं, "नातीनं केल्या, तुझ्या नातीला येत्यात का?"

बरं. तुझं उत्तर.

सन ऐंशी, उन्हाळा. आपला वाडा, मेंढरं-बिऱ्हाडं समदी, कोकणातनं परत येऊन वस्तीला टेकलेला. तुझं लग्न होऊन दुसरं वर्ष. तुझ्या दोन्ही हातांची बोटं सुजून वाकडी व्हायला लागली. लोकर काततानी टकळी तुझ्या हातनं पडायची. आत्याबाईंना, आपल्या सासूला, कुणीतरी भरवलं की हा मोठा आजार हाय, सगळं घर खाईल. आत्याबाई म्हणल्या, बिरदेवापुढं बघू. देवापुढं तुला बसवलं, सुई तापवली, तुझ्या बोटाला लावली. तू हललीसबी न्हाईस. आत्याबाई म्हणल्या, कौल मिळाला. तिसऱ्या दिवशी तुझा बाप आला आन् तुला वरवंडला घेऊन गेला. मच्छिंद्र भावजींनी वर्षाच्या आत दुसरं केलं. ते गेलं, आत्याबाई गेल्या, आमचं मालक गेलं. तो दिवस बघितलेली आता तू आन् मी, दोघीच.

मी तुला आदल्या दिवशी गप्प ऱ्हा म्हणलं ते खरं. मला वाटलं, देवापुढं वरडलं की कोप होतो. लहान व्हते, मला काय कळत व्हतं. भीती वाटली.

तू जा दवाखान्यात. मी पाया पडते.

अनसाबाई


निमोणे, ६ मार्च, गुरुवार

मागल्या पत्रात मी खोटं लिवलं.

शिरीन सांगती, ते पत्र वाचून तू म्हणलीस, "मग देवाचाच कौल. दवाखाना काय करणार?" आन् पाठ फिरवून झोपलीस. म्हंजी माझ्या एका खोट्यानं तुझा अंगठा जाणार. तवा आता लिवते, मधे थांबले तर परत लिवायची न्हाई.

तो देवाचा कौल नव्हता. कोकराचा पाय सुजला की आत्याबाई त्याला तापलेली सुई लावायच्या. कोकरानं पाय झाडला, बें केलं, तर पाय जिवंत हाय, कळपात ठेवायचं. न्हाई झाडला तर पाय मेला, कोकरू बाजूला काढायचं. एवढंच. आपल्यातल्या रांगत्या पोराला हे ठाऊक. पण तुझ्या बापानं तुझ्या जन्माआधीच मेंढरं विकून जमीन धरली. तू मेंढरं बघितलीस ती लग्नानंतर, आन् सुई लावताना कवाच बघितली नव्हतीस. सुई एकच गोष्ट इचारत व्हती, लागतंय का. तुला वरडायचं व्हतं, नकुशी. वरडली असतीस तर आज माझ्या शेजारी बसून तीळ निवडलं असतंस.

आदल्या दिवशी विहिरीवर तू मला इचारलंस, "अक्का, उद्या मी काय करू?" मी म्हणलं, "जीभ दातांत धर. हूं की चूं करू नको."

मला सगळं ठाऊक असून म्हणलं.

का, ते आता सांगते. आजाराची भीती व्हती, पण ती निम्मी बी नव्हती. सोपान दहा महिन्यांचा व्हता. दूध माझं प्यायचा आन् झोपायचा तुझ्या खांद्यावर. मी घेतला की तुझ्याकडं हात करायचा. आत्याबाई चारचौघांत म्हणायच्या, पोर धाकटीचंच दिसतंय. तुझी बोटं सुजली, तुला त्याला नीट उचलता येईना, तरी तू कोपरांनी उचलायचीस, आन् तो हसायचा. मला वाटलं, ही गेली की पोर माझं व्हईल.

सुई आत्याबाईंच्या हातात व्हती. पण तुझं मनगट मी धरलं व्हतं. आन् तुझ्या पायाची बोटं मातीत रुतली. लुगड्याखाली, कुणाला दिसली न्हाईत. मला दिसली. मी तवा बोलले असते तरी चाललं असतं. "बघा, हिला लागतंय," एवढंच म्हणायचं व्हतं. मी तुझं मनगट आणखी घट्ट धरलं.

तू गेल्यावर सोपान अकरा दिवस दाराकडं बघून रडला. बाराव्या दिवशी माझ्याकडं आला. तो गप्प झाला आन् तवा मला पहिल्यांदा तुझं गप्प बसणं ऐकू आलं. कसं सांगू, घरात जरा कुठं आवाज थांबला की येतं. गिरणी बंद पडली, पंखा थांबला, लाईट गेली, की येतं. म्हणून तर मी एवढी बडबडती. लोक म्हणत्यात अनसाबाईचं तोंड मिटत न्हाई. मिटून बघितलंय मी.

इथवरचं काल दुपारी सोपानला वाचून दाखवलं, पुढचं आज शुक्रवारी लिवते. तो जेवत व्हता. त्यानं ताट बाजूला सारलं, हात धुतला, आन् रानात गेला. आज अजून माझ्याशी बोलला न्हाई. धनश्रीला फोनवर त्यानंच सांगितलं. ती एवढंच म्हणली, "आज्जी, सोमवारची गोळी घेतलीस का?" मी घेतली म्हणलं. मग तिनं फोन ठेवला.

मी माफी मागत न्हाई. मागितली तर तुला द्यावी का न्हाई ह्याचं ओझं परत तुझ्यावरच. तुला तो आजार कवाच नव्हता. तुला लागत व्हतं, हे मी बघितलंय. तवाबी जिवंत व्हता तुझा हात, आजबी हाय. शिरीनबरोबर जा.

अनसाबाई


निमोणे, २३ मार्च, रविवार

तुमची जीप वळली आन् मी लगेच कागद घेऊन बसले. दिवसभर तू समोर असून माझ्या तोंडातनं धड वाक्य आलं न्हाई, आन् आता लिवायला बसले तर थांबवत न्हाई.

सकाळी सरदारबीचा आवाज आधी ऐकला, "अनसाबाई, घरात हाईसा का? बांगड्या न्हाई इकायच्या, माणूस आणलंय!" मी बाहेर आले. शिरीननं तुला जीपमधनं खाली उतरवलं. केस सगळं पांढरं. मी तुला वीस वर्षांचीच बघत आले, नकुशी, तू म्हातारी झालीस हे मला कुणी सांगितलंच न्हाई.

मी तांब्या पुढं केला, दोन्ही तळव्यांनी. तू घेतला न्हाईस. धनश्रीनं भरला तवा तिच्याकडनं घेतलास. बरोबर केलंस.

मग तू अक्का म्हणली न्हाईस. म्हणलीस, "अनसाबाई, सुई आण."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तू परत म्हणलीस, "आण. ह्या खेपेला तू धर."

धनश्री मधे पडली, "आजी, अहो, हे काय करताय? ही कसली टेस्ट?" तू तिला म्हणलीस, "पोरी, तुझ्या शाळेतली न्हाई. आमच्यातली हाय." शिरीन बिचारी कापूस आन् स्पिरिट शोधायला पळाली, सुई पुसून दिली. सोपान ओसरीच्या खांबाला टेकून उभा, पंधरा दिवसांत माझ्याशी चार शब्द बोललेला. तू मांडी घालून बसलीस आन् हात माझ्या पुढं केलास. किती दिवस बाहीतनं बघत व्हते तो हात, पण खरा हात निराळाच निघाला. बोटं पार करंगळीकडं लोळलेली, पेरं मोठी, आन् तळवा गरम. गरम असंल असं मला वाटलं नव्हतं.

त्या आठाच्या कड्या बोटात व्हत्या म्हणून मला सुई धरता तरी आली. मी टोचली. जरासं. रगताचा थेंब सुद्धा आला न्हाई.

आन् तू वरडलीस.

नकुशी, मी जल्मात असं वरडणं ऐकलं न्हाई. तोंड वर करून, डोळं मिटून, एका दमात. शेळीनं दावं तोडलं. कोंबड्या माळ्यावर चढल्या. खालच्या आळीतली सात-आठ माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन धावत आली, बिबट्यानं कुणाला धरलं म्हणून! त्यांच्या पुढं सरदारबी उभी ऱ्हायली आन् म्हणली, "जावा बाबांनो घरी. हिचं एक जुनं वरडायचं ऱ्हायलं व्हतं, ते झालं."

तुझा दम संपला तवा सोपान खाली बसला, तुझ्या पुढं. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, डोक्याला टक्कल. त्याला काही आठवत न्हाई, आठवायचं वय नव्हतं. त्यानं नुसतं इचारलं, "काकी, लई लागलं का?" तू म्हणलीस, "लई." त्याचं तोंड कोपरांनी धरलंस, बोटांनी न्हाई, आन् नीट बघितलंस. मी तिथंच व्हते. तुझ्याकडं हात करणारं पोर मला परत दिसलं, आन् ह्या खेपेला मी ते बघत बसले, मधे गेले न्हाई.

मग पोरींनी तुला ताब्यात घेतलं. पातेल्यात पाणी तापवलं, पांढरा तुकडा मऊ केला, आन् तुझ्या अंगठ्याला, मनगटाला पट्टी बसवली. धनश्री सांगत व्हती, "ही दिवसा कामाला घालायची, ही झोपताना. कुठं लाल झालं, टोचलं, तर सहन नाही करायचं, लगेच सांगायचं." तू म्हणलीस, "आता सांगीन." शिरीन हसली. बुधवारी तिच्याबरोबर पुण्याला जाणार, रगत द्यायला. ऑपरेशन लागलं तर काय, ते तू स्वतः इचारलंस, कुठला सांधा, किती दिवस हात बांधून, मग घास कोण भरवणार. सरदारबी म्हणली, "मी हाय की. एवढी वर्षं तुझ्या हातावर कधी बांगडी दाबून घातली का? घास पण हळूच भरवीन."

जेवलीस. ताट निराळं नव्हतं, सगळ्यांबरोबरचं. भाकरी सोपानच्या बायकोनं केली व्हती, मी न्हाई. ते तुला कुणी सांगितलं का तूच ओळखलंस, म्हाईत न्हाई.

माझ्याशी तू दिवसभरात एकच बोललीस. मी हात धुवायला पाणी घालत व्हते, तू माझ्या बोटांकडं बघितलंस आन् म्हणलीस, "तुला पण सकाळी जास्त दुखतं का?" मी व्हय म्हणलं. तू मान हलवलीस. बस्स. मला अजून कळत न्हाई ते काय व्हतं. माया नव्हती. पण सुई बी नव्हती.

तुम्ही जाऊन तासभर झाला. घरात धनश्री आन् तिची आई बोलत्यात, सोपाननं शेळी शोधून आणली. मधे एकदा सगळं थांबलं, पंखा पण. मी कान देऊन ऐकलं. काहीतरी व्हतंच तिथं, अजून हाय. चव्वेचाळीस वर्षांचं एका वरडण्यानं जात न्हाई, आन् जावं असं मी म्हणत बी न्हाई.

पट्टी नीट बसली का ते बघायला परत यावं लागंल, असं धनश्री म्हणली. मी सरदारबीला इचारलं, कवा येणार. तिनं तुझ्याकडं बघितलं. जीप चालू झालेली. तू माझ्याकडं न बघता खिडकीतनं सोपानला सांगितलंस, "सहा एप्रिलला येतो रं आम्ही. रविवार हाय."

मी कॅलेंडरवर लिवून ठेवलंय. सहा एप्रिल, रविवार.

अनसाबाई